पहिलीच्या वर्गातील वाचन : विज्ञान व समाजपरिचय यांच्या जोडीने

इयत्ता पहिलीत वाचन शिकविणे म्हणजे मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे हा क्रम पुरा करणे होय, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. या समजुतीप्रमाणे झाडे, पाऊस, शेती, गाव यांविषयीचे ज्ञान मुलास नीट वाचता येऊ लागल्यावर द्यावयाचे असते. परिणाम असा होतो की, वर्षाअखेरीस एखादे मूल ‘तळ्यात कमळे उमलली’ हे वाक्य न अडखळता वाचते, पण तळे म्हणजे काय असे विचारले असता शिक्षकाच्या तोंडाकडे पाहात राहते. दुष्काळी पट्ट्यातील मुलाने कमळ पाहिलेले नसते आणि भरलेले तळेही क्वचितच पाहिलेले असते. त्याने वाचले ते अक्षरांचे आवाज. त्यास वाचन म्हणावे किंवा कसे, हा प्रश्न पहिलीच्या शिक्षकाने पहिल्याच महिन्यात स्वतःशी सोडविला पाहिजे.

फिलिप गॉफ व विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची मांडणी गुणाकाराच्या रूपाने केली. अक्षरांवरून शब्द उलगडण्याचे कौशल्य आणि ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्यच येते. दुसरी कितीही मोठी असो. पुढे १९८८ साली अमेरिकेत रेख्ट व लेस्ली यांनी किशोरवयीन मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची पण त्या खेळाची माहिती असलेली मुले, वाचनात तयार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा अधिक चांगला समजली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी कबड्डी धरावी. ज्याने मैदानावरची चढाई व पकड पाहिली आहे त्यास तिचे वर्णन वाचताना निम्मा मजकूर आधीच ठाऊक असतो.

विषयांची अशी जोडणी आपल्या शाळांस नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मूलोद्योग, नैसर्गिक परिसर व सामाजिक परिसर या तीन केंद्रांभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. तीच समवाय पद्धती होय. बोर्डी येथे १९४५ साली आरंभ झालेल्या व पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेल्या कार्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, खडे हेच शिक्षणाचे साहित्य केले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ यानेही पहिली व दुसरीस परिसर अभ्यास हा निराळा विषय न ठेवता तो भाषा व गणित यांतूनच शिकवावा असे सुचविले. मात्र समवायाचा इतिहास सावधही करतो. टकळीवरून अकबराकडे आणि कापसावरून व्याकरणाकडे ओढूनताणून नेलेले पाठ अनेकांनी घेतले, त्यांत मुले कंटाळली आणि पद्धतीचे नाव खराब झाले. जोड नैसर्गिक असेल तरच घालावी. नसेल त्या दिवशी सरळ अक्षरांचा पाठ घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

जोड नैसर्गिक असल्याचे एक उदाहरण मुगाचे आहे. पावसाळ्याच्या आरंभी, शाळा नुकतीच सुरू झालेली असताना, नारळाच्या तीन करवंट्या घ्याव्यात. एकीत कोरडे मूग ठेवावेत. दुसरीत रात्रभर भिजवलेले मूग ओल्या फडक्यावर ठेवून ते फडके ओलसर राखावे. तिसरीत मूग पूर्ण बुडतील इतके पाणी घालावे. प्रत्येक करवंटीपुढे कागदाची पट्टी असावी : ‘कोरडे मूग’, ‘ओले मूग’, ‘बुडालेले मूग’. पुढे काय होईल हे शिक्षकाने सांगू नये, मुलांनी सांगावे. बहुतेक मुले म्हणतील की सर्वांत जास्त पाणी ज्यात आहे तेथील मूग सर्वांत आधी उगवतील. हे उत्तर चुकीचे म्हणून पुसून टाकू नये. ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यावरील मुगांस मोड आलेले दिसतात. बुडालेल्यांपैकी एखाद्यास लहानसा मोड येतो, पण तो वाढत नाही आणि तीन-चार दिवसांत त्या करवंटीस घाण वास सुटतो. बीजास पाण्याइतकीच हवेचीही गरज असते, हे ज्ञान त्या वासाने जितके पक्के होते तितके कोणत्याही वाक्याने होत नाही. म्हणून ती करवंटी घाईने फेकून देऊ नये. नाकास पदर लावून हसणारी मुलेही त्या वेळी शिकतच असतात. बीज रुजण्यास ऊन हवेच, असा समज पुष्कळ प्रौढांचाही असतो. काही मूग अंधाऱ्या कपाटात ओले ठेवले असता तेही उगवतात, फक्त फिके व लांबुडके होतात, हे दाखवावे.

आता वाचनाकडे. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर शिक्षकाने मुलांच्या तोंडची वाक्ये रोज एक याप्रमाणे ठळक अक्षरांत लिहावीत : ‘आज मूग भिजवले.’ ‘मूग फुगले.’ ‘मोड आले.’ ‘मोड मातीत गेला.’ ‘पान वर आले.’ वाक्य मुलांचे असावे, शिक्षकाने सुधारून गोंडस केलेले नसावे. ज्या गावात मोडास कोंब म्हणतात तेथे ‘कोंब’ लिहावे. ज्या मुलांच्या घरी कोरकू, पावरी किंवा माडिया बोलली जाते त्यांना त्यांचा शब्द विचारावा, तो देवनागरीत पट्टीवर लिहावा व मराठी शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. घरचा शब्द भिंतीवर लागलेला पाहून गप्प बसणारे मूल प्रथमच तोंड उघडते, असा अनुभव अनेक शिक्षकांस येतो.

येथे एक मोठा धोका आहे. पाचव्या दिवशी सारा वर्ग तो तक्ता घडाघडा म्हणतो आणि पाहुण्यास वाटते, पहिली वाचू लागली. जवळ जाऊन पाहावे. मुलाचे बोट ‘फुगले’ या शब्दावर असते आणि तोंड ‘मातीत गेला’ म्हणत असते. हे पाठांतर आहे. तक्त्याचा उपयोग अक्षरांचा पाठ टाळण्यासाठी नाही, त्यास अर्थ देण्यासाठी आहे. म्हणून त्याच दिवशी ‘मूग’ हा शब्द कात्रीने कापून ‘मू’ आणि ‘ग’ वेगळे करावेत. ‘मू’ पुढे ‘ठ’, ‘ल’, ‘ळ’ ठेवून मूठ, मूल, मूळ हे शब्द मुलांकडून उलगडून घ्यावेत. हे शब्द तक्त्यावर नसल्याने आठवणीतून म्हणता येत नाहीत, वाचावेच लागतात. ‘माती’वरून ‘पाती’ करावी. अक्षरे रोज ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळी शिकवावीत. मुगास मोड येईतो ती थांबवू नयेत.

‘भिजवले’ या शब्दातील पहिली वेलांटी लिहिताना ‘भ’च्या आधी येते आणि उच्चारात मागून ऐकू येते. मूल येथे अडखळले तर तो मठ्ठपणा नव्हे. डोळ्यांस व कानांस मिळणारा क्रम खरोखरीच निराळा आहे. तसेच ‘मूग’ दीर्घ आणि ‘मुगाचा’ ऱ्हस्व. नियम सांगण्याचे हे वय नाही, परंतु तक्त्यावर दोन्ही रूपे शुद्ध लिहिलेली असावीत, म्हणजे डोळ्यांस सवय होते.

पहिलीतील मुलाचे वाचन दोन-तीन शब्दांपुरते असते; त्याची समज मात्र तेवढी लहान नसते. म्हणून मुले स्वतः वाचतील ती तीन ओळींची वाक्ये निराळी आणि शिक्षक मोठ्याने वाचून दाखवील तो मजकूर निराळा, असे दोन प्रवाह ठेवावेत. मुगाची डाळ जमिनीच्या वर येते व हरभऱ्याची मातीतच राहते, हे दोन्ही बिया शेजारी पेरून दाखवावे आणि त्यावर अर्ध्या पानाचा मजकूर शिक्षकाने वाचून दाखवावा. त्यात अंकुर, बीज, ओलावा, कुजणे असे शब्द निःसंकोच येऊ द्यावेत. या वयात ज्ञान कानाने वाढते, आणि कानाने आलेला शब्द पुढे डोळ्यांपुढे आला की ओळखीचा निघतो. जेथे चार वर्गांस एकच शिक्षक आहे तेथे हा मजकूर चौथीच्या मुलाने वाचून दाखवावा. रोपाची उंची पट्टीने मोजून लिहिण्याचे कामही त्याचेच.

समाजपरिचयाच्या पाठात अधिक जपावे लागते. ‘घरी पाणी कोण भरते?’ हा प्रश्न साधा दिसतो. त्यावरून ‘आई पाणी भरते’, ‘ताई पाणी भरते’ अशी वाचनास सोपी वाक्ये मिळतात, आणि त्याच वेळी पाचवीतील ताई सकाळच्या प्रार्थनेस का नसते, हेही शिक्षकास कळते. ते कळल्यावर केवळ फलकलेखन करून पुढे जाणे शोभत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. पाणवठ्याच्या आठवणी सर्व घरांत सारख्या नाहीत, याचे भान ठेवून कोणत्या मुलास काय विचारावे हे शिक्षकाने आधी ठरवावे.

बीड व आसपासच्या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. बरोबर गेलेले मूल परत येते तेव्हा त्याची अक्षरे मागे पडलेली असतात आणि ते शेवटच्या रांगेत बसते. त्या आठवड्यात वर्गाचा विषय ऊस असावा. फड, मोळी, पाचट, वाडे, कोयता हे शब्द त्या मुलास जितके ठाऊक आहेत तितके वर्गात कोणासच नाहीत, क्वचित शिक्षकासही नसतील. फडात कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तोडणीस जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीसही कोयताच म्हणतात, हे ते मूल सांगू शकते. त्याने सांगावे, शिक्षकाने फळ्यावर लिहावे, इतरांनी विचारावे. ‘फड’ यात काना नाही, मात्रा नाही. वाचनाकडे परतण्यासाठी त्याहून सोपा शब्द शोधून सापडणार नाही, आणि तो त्याचा स्वतःचा आहे.

मुगाचे पीक सुमारे ६० ते ७५ दिवसांचे असते. जुलैच्या आरंभी करवंटीतून शाळेच्या अंगणात लावलेली रोपे सप्टेंबरात शेंगांवर येतात, म्हणजे कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी. शेंगा वाळल्यावर प्रत्येक मुलाने एक शेंग सोलावी, दाणे मोजावेत आणि आपल्या नावापुढे संख्या लिहावी. जुलैत फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले ते उत्तर वहीत उतरवून ठेवलेले असेल तर याच दिवशी मुलांसमोर आणावे. आता ती ते स्वतः वाचू शकतील. जे मूल निघणार आहे त्याच्याजवळ तक्त्यावरील वाक्यांची एक लहान प्रत आणि पुडीत बांधलेले थोडे मूग द्यावेत. कोपीशेजारी पाण्याची जागा असतेच.