नवे पॅड घातले, पण ब्रेक लागेना!

मंडळी, बैलगाडीचा बैल शहाणा असतो. उतार दिसला की तो आपणच पाय रोवतो. मोटारगाडीला असा जीव नाही. तिला थांबवायला ब्रेकच हवा. म्हणून ब्रेकची माहिती गाडी चालवणाऱ्याला हवी. गाडीत बसणाऱ्यालाही ती असावी.

समजा, गावात एका दादांची जीप आहे. बाजारच्या दिवशी ते माणसांची ने-आण करतात. एक दिवस ब्रेक लावला की चाकातून करकर आवाज येऊ लागला. मिस्त्रीने चाक खोलले. पॅड झिजून संपले होते. चकतीवर चरे पडले होते. दादांनी पैसे खर्चून पुढच्या दोन्ही चाकांना नव्या चकत्या आणि नवे पॅड घातले. गाडी रस्त्यावर आणली, तर काय? ब्रेक पहिल्यापेक्षा ढिला!

दादा म्हणाले, "अहो मिस्त्री, नवं सामान घातलं आणि ब्रेक बिघडला कसा?"

मिस्त्री म्हणाला, "दादा, दोन दिवस चालवा. आपोआप बसंल."

कोणाचे खरे? कधी मिस्त्रीचे खरे असते, कधी नसते. हे ओळखता आले नाही, तर जीपभर माणसांचा जीव धोक्यात येतो. चला, आपण हे नीट समजून घेऊ.

ब्रेक कसा लागतो?

पायाने पेडल दाबले, की मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातला दट्ट्या पुढे सरकतो. त्या नळकांड्यात ब्रेक ऑइल असते. ते बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत भरलेले असते. चाकाजवळ कॅलिपर असतो. कॅलिपर म्हणजे एक मोठा चिमटाच समजा. ऑइलचा दाब कॅलिपरच्या दट्ट्याला ढकलतो. दट्ट्या पॅडला ढकलतो. दोन पॅड दोन बाजूंनी चकतीला आवळतात. चकती चाकाबरोबर फिरत असते. ती थांबली की चाक थांबले.

कोंडलेल्या पातळ पदार्थाला एका जागी दाबले, तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम फ्रान्स देशातल्या पास्कल नावाच्या विद्वानाने सतराव्या शतकात सांगितला. आपला ब्रेक याच नियमावर चालतो.

पण नळीत हवा शिरली तर? सायकलचा पंप घ्या. तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा दाबा. दांडा आत जातो आणि परत उसळतो. हवा दबते, म्हणून असे होते. पाणी किंवा तेल असे दबत नाही. नळीत हवा असली, तर तुमच्या पायाचा जोर हवा दाबण्यातच जातो. चाकापर्यंत तो पोचतच नाही.

पाय काय सांगतो?

गाडी सपाट जागी उभी करा. चाकांखाली दगड लावा. इंजिन चालू ठेवा. गिअर काढा. आता पेडल दाबा. पाय चार गोष्टी सांगेल.

१. पेडल मऊ लागते. दोन-तीनदा दाबले की वर येते.
२. पेडल दाबून धरले, की हळूहळू खाली बसत जाते.
३. पेडल दगडासारखे घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही.
४. पेडल बरे आहे, पण ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. हे मात्र मोकळ्या रस्त्यावर, अगदी हळू चालवतानाच कळेल.

पेडल मऊ असेल तर

नवे पॅड जाड असतात. ते बसवण्यासाठी कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्यामुळे दट्ट्या आणि पॅड यांच्यात फट राहते. म्हणून काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबावे. ते वर येऊन घट्ट झाले, की मगच गाडी सुरू करून निघावे. ही गोष्ट विसरली, तर पहिल्या वेळी पेडल थेट तळाला जाते, आणि समोर भिंत नाहीतर माणूस असतो.

एवढे करूनही पेडल मऊच राहिले, तर नळीत हवा आहे असे समजा. ती काढायला दोन माणसे लागतात. कॅलिपरवर एक छोटे निप्पल असते. त्याला पारदर्शक नळी लावायची. नळीचे टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने निप्पल थोडे सैल करायचे. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निप्पल आवळायचे, आणि मगच पेडल सोडायचे. घाई केली तर हवा उलट आत शिरते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचे. वरच्या टाकीतले ऑइल मधेच संपू द्यायचे नाही.

एक खूण लक्षात ठेवा. निप्पल कॅलिपरच्या वरच्या बाजूला असले पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसला, तर निप्पल खाली येते. हवा हलकी असते. ती वरच अडकून राहते. मग दिवसभर पेडल दाबले तरी हवा निघत नाही. एबीएसचा ब्रेक असलेल्या काही गाड्यांत हवा काढायला वेगळे यंत्र लागते. ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

मागच्या चाकांना ड्रम असेल, तर तिकडेही पाहा. ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढले, तरी पेडल खाली जाते. पुढे कितीही नवे सामान घातले, तरी मागचे दुखणे तसेच राहते.

पेडल खाली बसत असेल तर

कुठेतरी गळते आहे. चाकांच्या आतली बाजू, नळ्या, सांधे पाहा. बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वायसरांवर संशय घ्या. जुन्या गाडीत पेडल एरवी तळापर्यंत जात नाही. त्या भागात गंज आणि गाळ साठतो. पॅड बदलल्यावर पेडल तळापर्यंत दाबले जाते, आणि वायसर त्या गंजावर घासून फाटतात. नवे पॅड घातल्यावरच हे दुखणे उठते, ते असे.

अशी गाडी एक मैलसुद्धा चालवू नका. इथे "आपोआप बसंल" हे बोलणे खोटे आहे.

पेडल घट्ट, पण गाडी थांबेना

नवी चकती गंजू नये म्हणून तिला तेलकट थर लावलेला असतो. तो ब्रेक धुण्याच्या औषधाने साफ पुसला पाहिजे. नाहीतर तेल पॅडमध्ये मुरते. पॅडला तेल किंवा ग्रीस लागले, तर घासून, जाळून भागत नाही. पॅड बदलावेच लागतात. पैसे जातात, पण जीव वाचतो.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या अडकल्या का ते पाहा. त्या साफ करून योग्य ते ग्रीस लावावे. पॅड उलटा तर बसला नाही ना? त्याची लोखंडी पाठ चकतीला लागली, तर चकतीचा नाश होतो.

मग बूस्टर तपासा. बूस्टर पायाला मदत करतो. इंजिन बंद करा. पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते घट्ट होईल. तसेच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले, तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही, तर त्याची रबरी नळी निसटली किंवा फाटली का, ते पाहा.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्याचा लागत नाही. अडकलेली पिन, तेलकट पॅड किंवा आतून बुजलेली रबरी नळी हे कारण असू शकते.

मिस्त्रीचे खरे कधी?

पेडल घट्ट आहे, गळती नाही, पॅड कोरडे आहेत. फक्त ब्रेकची पकड थोडी कमी वाटते. तेव्हाच मिस्त्रीचे बोलणे खरे. नवे जोडे पायाला बसायला वेळ लागतो ना? तसेच पॅड आणि चकती एकमेकांना बसावी लागतात.

सपाट, मोकळा रस्ता पाहा. गाडीत माणसे नकोत. ताशी ५० किलोमीटर वेगावरून बेताने ब्रेक दाबून वेग १० पर्यंत आणा. पूर्ण थांबू नका. मग थोडे अंतर ब्रेक न लावता चालवा. असे ८-१० वेळा करा. शेवटी चकती निवू द्या. तापलेल्या चकतीवर ब्रेक दाबून उभे राहू नका. गाडीच्या पुस्तकात वेगळी रीत दिली असेल, तर तीच पाळा. पुढचे २००-३०० किलोमीटर सांभाळून चालवा.

तोवर भरलेली गाडी घेऊन कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट उतरू नका. आणि घाटात इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची काहींना खोड असते, ती कायमची सोडा. इंजिन बंद, म्हणजे बूस्टरची मदतही लवकरच बंद. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. सारखा ब्रेक दाबून धरला, तर तो तापतो आणि पकड सोडतो.

डबा वाचा

आता तुम्हाला अक्षरे आणि आकडे येतात. त्यांचा इथे उपयोग करा. ब्रेक ऑइलच्या डब्यावर आकडा असतो, ३ किंवा ४. तोच आकडा टाकीच्या झाकणावर आहे का, ते ताडून पाहा. ५ आकड्याचे सिलिकोन ऑइल यात मिसळू नका. इंजिन ऑइल किंवा डिझेल तर चुकूनही घालू नका. त्याने रबर फुगते आणि ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ओल असलेले ऑइल तापले की त्यात वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. गाडीतले ऑइलही साधारण दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

नव्या सामानाने गाडी नवी होत नाही. नीट बसवलेले आणि नीट तपासलेले सामानच कामाला येते. मिस्त्रीला विचारायला लाजू नका. "हवा काढली का? चकती पुसली का? पेडल दाबून पाहिले का?" असे तीन प्रश्न विचारा. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

आता सांगा पाहू

१. नळीत हवा असली तर ब्रेक ढिला का होतो?
२. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी काय करावे?
३. पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर गाडी चालवावी का?
४. घाटात इंजिन बंद का करू नये?
५. तुमच्या गावातल्या एका गाडीच्या टाकीचे झाकण पाहा. त्यावर कोणता आकडा आहे, तो वहीत लिहा.