चीक, जठर आणि प्रथिनांची औषधे

इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतोच : रोज सुई टोचण्याऐवजी हेच औषध पोटातून का देत नाहीत? त्याला जोडून दुसराही प्रश्न येतो. येथे अमेरिकेत गाईच्या चिकाची भुकटी आणि कॅप्सूल दुकानात सहज मिळतात. चीक पोटात प्रथिनांचे रक्षण करतो म्हणतात; मग इन्शुलिन चिकाबरोबर घेतले तर? मी संगणक अभियंता आहे, डॉक्टर नाही. औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही. पण प्रश्नाचे टप्पे पाडून तो तपासण्याची सवय आहे. तसेच येथे करू.

टप्पा पहिला : जठर

इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला त्याचे इंजेक्शन दिले गेले, आणि आज शंभर वर्षांनंतरही सुई सुटलेली नाही. याचे कारण असे की, औषधातले प्रथिन आणि वरणातले प्रथिन यांतला फरक पोटाला कळत नाही. जठरातले आम्ल प्रथिनाची घडी उलगडते आणि पेप्सिन त्याचे तुकडे करते. उरलेले काम लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेले ट्रिप्सिन पुरे करते. गिळलेले इन्शुलिन अशा रीतीने अन्न म्हणून पचून जाते.

टप्पा दुसरा : वासराला कसे जमते?

गाईच्या वारेतून प्रतिपिंडे वासरापर्यंत पोचत नाहीत. ती त्याला जन्मानंतर चिकातूनच मिळतात. प्रतिपिंडे हीसुद्धा प्रथिनेच, तरी ती न पचता वासराच्या रक्तात जातात. याला तीन गोष्टी कारण आहेत. नवजात वासराच्या जठरात आम्ल कमी असते. चिकात ट्रिप्सिनला रोखणारे द्रव्य असते. आणि वासराच्या आतड्याचे अस्तर अख्खी प्रथिने आत घेते. हे तिसरे दार जन्मानंतर सुमारे २४ तासांत बंद होते.

टप्पा तिसरा : मोठ्या माणसाचे काय?

पहिल्या दोन गोष्टींना मोठ्या माणसात थोडाफार पर्याय आहे. चिकातली आणि दुधातली प्रथिने काही आम्ल शोषून घेतात व पाचकरसांना गुंतवून ठेवतात. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, पेशींच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन उपाशी माणसाच्या आतड्यातील रसात लवकर नष्ट होते, पण केसीन सोबत असल्यास टिकते, असे दिसले. १९८८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला प्रयोग तर अधिक बोलका आहे. लस टोचलेल्या गाईंच्या दुधातून काढलेली प्रतिपिंडे १० स्वयंसेवकांना देऊन मग जुलाबाचे जंतू पाजले. त्यांतल्या एकालाही जुलाब झाले नाहीत. ही प्रतिपिंडे न मिळालेल्या १० पैकी ९ जणांना झाले.

मात्र येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या प्रतिपिंडांचे काम आतड्याच्या आतच होते. त्यांना रक्तात जायचे नव्हते. इन्शुलिनला जायचे असते. पाकीट न फाटता दारापर्यंत आले, तरी दार बंद असेल तर पत्र घरात पोचत नाही. चीक पाकीट जपू शकेल, दार उघडणार नाही.

दार किती घट्ट आहे, हे सेमाग्लुटाइडवरून कळते. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रायबेल्सस या गोळीत ते एका खास सहायक द्रव्यासह असते. हे द्रव्य गोळीभोवतीचे आम्ल कमी करते आणि जठराच्या अस्तरातून औषध आत जाण्यास मदत करते. इतके करूनही जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी औषध रक्तात पोचते!

व्यवहारात काय करावे?

१. इन्शुलिनचे इंजेक्शन बंद करून त्याच्या जागी चिकाची भुकटी किंवा कोणतेही पूरक कधीही घेऊ नये. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन थांबवणे जिवावर बेतू शकते.

२. भारतातून आलेले आईवडील रायबेल्सस घेत असतील तर ती सकाळच्या चहाबरोबर देऊ नका. उपाशीपोटी, फार तर १२० मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळावी आणि किमान ३० मिनिटे काही खाऊ-पिऊ नये. एरवी महागडे औषध वाया जाते.

३. १९९४ च्या कायद्यानुसार अमेरिकेत अशी पूरके विक्रीपूर्वी एफडीएची मान्यता न घेता बाजारात येतात. डबीवरचे आश्वासन म्हणजे सिद्ध झालेला गुण नव्हे. पैसे देण्यापूर्वी हा विचार व्हावा.

४. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी चिकाच्या वाटेला जाऊ नये.

आणि आपला खरवस? चीक वाफवताना तो घट्ट होतो, तो त्यातली प्रथिने उष्णतेने साकळतात म्हणूनच. म्हणजे ज्या प्रतिपिंडांसाठी चिकाची एवढी ख्याती, त्यांची घडी तेथेच मोडते. तेव्हा वेलची-जायफळ घातलेला खरवस मिळाला तर जरूर खावा, पण गोड पदार्थ म्हणून. मधुमेह असेल तर बेताने, आणि औषधाचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय न बदलता.