गरोदर मातेची मधुमेह तपासणी

गरोदरपणात प्रथमच आढळून येणाऱ्या मधुमेहाची बहुधा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. म्हणूनच प्रकृतीने धडधाकट दिसणाऱ्या प्रत्येक गरोदर मातेची तपासणी होणे अगत्याचे आहे.

गर्भारपणी वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. ही उणीव भरून न निघाल्यास रक्तातील साखर वाढते व वारेवाटे गर्भाला मिळते. गर्भ स्वतःच अधिक इन्सुलिन निर्माण करू लागतो, त्याचे वजन प्रमाणाबाहेर वाढते आणि प्रसूती अवघड होते. जन्मानंतर मातेकडून येणारी साखर एकाएकी थांबते. बाळाच्या शरीरातील इन्सुलिन मात्र जास्तच असते. त्यामुळे त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

तपासणीची पद्धत

केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मातेस ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास मधुमेह समजला जातो. यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही. त्यामुळे दूरच्या वाडीवरून जेवून आलेल्या मातेस परत पाठविण्याचे कारण उरत नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

पहिली तपासणी नोंदणीच्या वेळीच व्हावी. ती निर्दोष ठरल्यास दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावी. पहिल्या निकालावर विसंबून दुसरी टाळू नये, कारण हा दोष पुष्कळदा याच काळात प्रकट होतो.

उपचार व पाठपुरावा

निदान झाल्यावर प्रथम दोन आठवडे नियोजित आहार व चालण्याचा व्यायाम सांगितला जातो. मातेने जेवण तोडू नये. एवढ्याने साखर आटोक्यात न आल्यास वैद्यकीय अधिकारी औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक असते, कारण अशा मातेस पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका अधिक असतो.

गावाची जबाबदारी

ग्लुकोज घेतल्यावर माता दोन तास थांबली नाही, तर तपासणी वाया जाते. उपकेंद्रात सावली, बैठक व पिण्याचे पाणी यांची सोय ग्रामपंचायतीस सहज करता येईल. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीची माहिती शिक्षकांनी पालकसभेत द्यावी. सासू व पती यांना या दोन तासांचे मोल पटले, तर माता व बालक या दोघांचेही आरोग्य सुरक्षित राखण्यास मोठाच हातभार लागेल.