सातवी बुडी : क्षयरोगाच्या उपचाराविषयी पाठ

वाचन : २ राजे ५:१-१४



नामान मोठा सेनापती होता, पण त्याला बरे होण्याची वाट दाखवली त्याच्या घरातल्या एका दासी मुलीने. अलीशाने त्याला यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगितले. उपाय इतका साधा की नामानाला रागच आला. चाकरांनी समजावले तेव्हा तो गेला आणि सातव्या बुडीनंतर शुद्ध झाला. सहावीनंतरच तो परत फिरला असता तर? हा प्रश्न मनात ठेवून फुफ्फुसाच्या क्षयरोगाविषयी, म्हणजे टीबीविषयी, शिकू या.

ओळख : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, बेडक्यातून रक्त. यांपैकी काहीही असेल तर तपासणी करावी. टीबी जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा शोध जाहीर केला. ही करणी नव्हे, पापाची शिक्षाही नव्हे. तो खोकल्यातून, हवेवाटे पसरतो. ताटवाटी वेगळी ठेवल्याने थांबत नाही.

तपासणी : बेडक्याचे दोन नमुने द्यावेत, त्यांतला एक सकाळी उठल्याबरोबरचा. चूळ भरून, उघड्यावर, छातीतून खोकून काढावा; नुसती थुंकी चालत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हे दोन्ही कळते. गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे काढतात. सरकारी केंद्रात हे मोफत आहे.

उपचार : साध्या टीबीला सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनानुसार आणि रोज. लघवी केशरी झाली तर घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात.

साखरा परिसरात फिरताना मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : "ताई, आता खोकला थांबला, गोळ्या कशाला?" दोन महिन्यांत अंगात ताकद येते, पण जंतू पुरते मेलेले नसतात. मध्येच सोडले तर ते औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार लांबतो. त्यातच दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेला माणूस थांबू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून निघण्याआधी आशाताईंना सांगा, निक्षय क्रमांक लिहून घ्या आणि गोळ्या सोबत न्या. त्या क्रमांकावर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू राहतो. घरातल्या सर्वांची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची, तपासणी करून घ्या. त्यांना प्रतिबंधक औषध मिळते.

प्रार्थना जरूर करावी, पण गोळी बंद करून नव्हे. नामानाने विश्वास दाखवला तो पाण्यात उतरूनच.

चर्चेसाठी :
१. आपल्या वस्तीत दोन आठवड्यांपासून कोण खोकत आहे? त्या दासी मुलीसारखे त्याला कोण सांगेल?
२. टोळीसोबत जाणाऱ्या रुग्णाला रोजच्या गोळीची आठवण कोण करून देईल?

प्रार्थना : हे प्रभू, आजाऱ्यांना शेवटच्या गोळीपर्यंत धीर दे आणि आम्हांला त्यांच्यासोबत चालव. आमेन.