नव्या घराचा आराखडा : कोणाला आणि काय विचारावे?

नवे घर बांधायचे ठरले की घरातील मोठी माणसे कशाची चर्चा करतात हे तुम्ही ऐकलेच असेल. चिरे कोणत्या खाणीचे आणायचे, वर स्लॅब घालायचा की कौले, ओटा कोणत्या भिंतीला घ्यायचा, असे प्रश्न निघतात. परंतु मे महिन्यातील दुपारी या खोलीत बसता येईल काय आणि पुढील पन्नास वर्षे विजेवर किती खर्च होईल, हे सहसा कोणी विचारीत नाही. घरासाठी आयुष्याची पुंजी बहुधा एकदाच खर्ची पडते. एकदा स्लॅब पडला की खोलीची दिशा बदलता येत नाही. म्हणून हे प्रश्न पाया खणण्यापूर्वीच जाणकाराला विचारले पाहिजेत. पण खरा जाणकार ओळखावा कसा? त्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आपल्यापाशी हवे.

उदाहरणादाखल सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव घेऊ. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या कलेमुळे हे नाव तुमच्या परिचयाचे असेल. आपल्याला मात्र त्याचा अक्षांश हवा आहे. तो आहे सुमारे १६ अंश उत्तर.

सूर्य कोठून तापवतो?

भूगोलात तुम्ही शिकला आहात की सूर्य वर्षभरात २३.५ अंश उत्तर ते २३.५ अंश दक्षिण असा सरकताना दिसतो. तेव्हा पिंगुळीत तो वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो; एकदा ५ मेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा ८ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टमध्ये आकाश ढगाळ असते. मे महिन्यात मात्र ऊन कडक असते आणि दुपारी ते जवळजवळ सरळ छपरावर पडते. यावरून उघड आहे की येथे घराचा पहिला शत्रू म्हणजे तापलेले छप्पर होय.

आता भिंती पाहू. २२ डिसेंबरला दुपारी बारा वाजता सूर्याची उंची ९० – १६ – २३.५ म्हणजे ५०.५ अंश असते, तर २१ मार्चला ती ७४ अंश असते. दक्षिणेकडील खिडकी १.२ मीटर उंच असेल, तर मार्चमधील भरदुपारचे ऊन अडविण्यास १.२ ÷ टॅन ७४°, म्हणजे सुमारे ३५ सें.मी. रुंदीचा छज्जा पुरतो. पश्चिमेकडे मात्र हे गणित फसते. सायंकाळी सूर्य ३० अंशांवर उतरून भिंतीच्या अगदी समोर आला, तर तेवढ्याच खिडकीसाठी १.२ ÷ टॅन ३०°, म्हणजे २ मीटरहून थोडा अधिक रुंद छज्जा लागेल. दोन मीटरचा छज्जा म्हणजे पडवीच की! आपल्या जुन्या घरांना पडवी का असे, याचे एक उत्तर येथे मिळते.

छपराचा हिशेब

एखाद्या थरातून उष्णता किती सहज जाते हे त्याच्या यू-मूल्यावरून कळते. दोन्ही बाजूंच्या हवेत १ अंश फरक असता दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जेवढे ज्यूल उष्णता जाते, तेवढे त्याचे यू-मूल्य. ते काढण्यासाठी थरांचे उष्णतारोध मिळवायचे आणि बेरजेचा व्यस्त घ्यायचा. विद्युतमंडलातील एकसरी जोडणीसारखेच हे आहे.

१० सें.मी. जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घेऊ. काँक्रीटची उष्णतावाहकता सुमारे १.५८ आहे, म्हणून स्लॅबचा रोध ०.१० ÷ १.५८ = ०.०६३. छताखालच्या हवेच्या थराचा रोध ०.१७ आणि वरच्या थराचा ०.०४. एकूण ०.२७३, म्हणून यू-मूल्य सुमारे ३.७ येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी जी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली, तिच्यात छपरासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. ही संहिता प्रामुख्याने मोठ्या प्रकल्पांसाठी असली, तरी तिचे आकडे आपल्यालाही मार्गदर्शक आहेत. नुसता स्लॅब त्या मर्यादेच्या तिपटीवर जातो.

याचा अर्थ काय? स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ५५ अंश सेल्सिअस तापला आहे आणि खोलीतील हवा ३२ अंशांवर आहे असे धरू. फरक २३ अंश. वरचा हवेचा थर वगळून राहिलेला रोध ०.२३३. म्हणून दर चौरस मीटरमधून २३ ÷ ०.२३३, म्हणजे सुमारे ९९ वॅट उष्णता खाली उतरते. ३ मीटर × ४ मीटरच्या खोलीत ती जवळजवळ १२०० वॅट होते. म्हणजे भर उन्हाळ्यात छताला एक मोठी शेगडी टांगून आपण खाली पंखा लावून बसतो!

आता स्लॅबवर २ सें.मी. जाडीचा, ०.०३५ वाहकतेचा फोमचा थर घातला तर ०.५७ इतका रोध वाढतो आणि यू-मूल्य १.२ च्या किंचित खाली येते. तेवढ्याच तापमानांना खोलीत उतरणारी उष्णता सुमारे ३४० वॅट राहते. (प्रत्यक्षात तापमाने दिवसभर बदलतात, हा हिशेब तुलनेपुरता आहे.) दुसरा मार्ग म्हणजे स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून कौले घालणे. कौले ऊन झेलतात, मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि पावसापासूनही स्लॅबचे रक्षण होते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केल्यापासून ही कौले किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. तिरुअनंतपुरम येथे काम केलेले वास्तुशिल्पज्ञ लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी कौलांचाच आणखी एक उपयोग केला. ती स्लॅबच्या खालच्या भागात भरून त्यांनी काँक्रीट वाचविले.

घाम, वारा आणि खिडकी

कोकणातील हवा दमट असते आणि तेथे खरा त्रास घाम न सुकण्याचा असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडावी लागते. तासाला १०० ग्रॅम घाम सुकला तर सुमारे ६७ वॅट त्या वाटेने जातात. दमट हवेत त्यासाठी अंगावरून वारा वाहणे आवश्यक असते. म्हणूनच विदर्भात सुख देणारा कूलर येथे फारसा कामाचा नाही. तसेच दिवस आणि रात्र यांच्या तापमानांत फरक थोडा असल्याने, राजस्थानातील जाड भिंतींची युक्तीही येथे तितकी चालत नाही. येथे हवी सावली आणि आरपार हवा.

वरील संहितेनुसार उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश हवे. १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर. पण सरकत्या दोन तावदानांची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते हे विसरू नका! त्यातच येथे एक पेच आहे. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारा वारा पश्चिमेचा, आणि तापदायक ऊनही पश्चिमेचेच. ऊन अडवून वारा आत कसा घ्यावा? असे पेच सोडविण्यासाठीच जाणकार लागतो.

जाणकार कोण?

आर्किटेक्ट, म्हणजे वास्तुशिल्पज्ञ, हा घराची दिशा, खोल्यांची मांडणी, सावली आणि वारा यांचा विचार करतो. १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच हे नाव लावता येते. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. स्थापत्य अभियंता पाया, खांब आणि तुळया यांची मजबुती ठरवितो. गावच्या मेस्त्रींना चिरा, माती आणि पाऊस यांचे असे ज्ञान असते, की जे पुस्तकात सापडत नाही. या तिघांपैकी एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले की घोटाळा होतो. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या जवळच्या संस्थेतील प्राध्यापकांनाही शंका विचारता येतात.

जाणकाराला पुढील प्रश्न विचारावेत :

१. पश्चिमेची भिंत सावलीत कशी ठेवाल? वारा कोठून आत येऊन कोठून बाहेर जाईल?
२. छपराचे यू-मूल्य किती येईल?
३. पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवता येतील असे छज्जे आहेत काय?
४. छप्पर पांढरे रंगविल्यास शेवाळाने काळे पडू नये म्हणून काय करावे लागेल?
५. तुम्ही बांधलेले, याच भागातील एखादे घर मे महिन्यात दुपारी पाहता येईल काय?

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्यापाशी उत्तरे नाहीत, किंवा जो केवळ मोठे यंत्र घ्या एवढेच सांगतो, त्याच्यापाशी थांबू नये. सौर पॅनेल अवश्य बसवावे, परंतु आधी गरज कमी करावी. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. जेवढी गरज लहान, तेवढे पॅनेलही लहान.

करून पाहा

तुमच्या गावात एक स्लॅबची आणि एक कौलारू खोली निवडा. एप्रिल-मे महिन्यांत आठवडाभर सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता दोन्हींतील तापमान एकाच उंचीवर मोजा. बाहेरच्या सावलीतील तापमानही लिहून ठेवा आणि तिन्हींचे आलेख काढा. स्लॅबची खोली रात्री नऊलाही का तापलेली असते, याचे कारण शोधा. घरात नव्या बांधकामाचा विचार चालू असेल, तर हे आलेख आईवडिलांपुढे ठेवा. मेस्त्रींना आणि आर्किटेक्टलाही दाखवा. आराखडा कागदावर आहे तोवर भिंत खोडरबराने हलविता येते. नंतर तिला घण लागतो.