आधी लिस्टिंग उघड

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हाच आवाजावरून कळलं, रडून झालंय बाईसाहेबांचं. "ताई, ८०८५ माझ्या डोक्याबाहेरचं आहे." अगं माय, हेच वाक्य मीही आईला ऐकवलंय, आपल्या जुन्या शहरातल्या त्याच खोलीत बसून. श्रावणातला शेवटचा सोमवार होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येत होत्या, बाहेर ढोल, आणि माझ्या स्क्रीनवर 'चुका : शून्य'. किटवर मात्र भलताच आकडा.

झालं होतं काय, तर मी दोन सबरूटीन लिहिली होती : डिस्प्ले१ आणि डिस्प्ले२. असेंबलर फुकटचा, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला. तो लेबलची पहिली सहाच अक्षरं धरायचा, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये या दोघांची पहिली सहा अक्षरं सारखी. मेमरी तोकडी होती त्या काळातली ही सवय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एकच नाव दोनदा आलं तर ओरडायला नको? हा मुकाट दोघांनाही पहिलाच पत्ता देऊन मोकळा. सरांना सांगितलं तर म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकलं असेल." मलाही तेच पटलं बघ! दोन रात्री मी आपली स्वतःच्याच लूपला शिव्या घालत बसले.

तिसऱ्या दिवशी लिस्टिंग छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. दोन्ही कॉलसमोर तेच तीन बाईट : सीडी, ५०, २०. म्हणजे पत्ता २०५०. ८०८५ मध्ये खालचा बाईट आधी येतो, हे तुला ठाऊक आहे. नावं दोन, घर एकच! मग फरक नावाच्या शेवटून काढून सुरुवातीला आणला, एडिस्प आणि बीडिस्प. चाललं.

तेव्हा आधी लिस्टिंग उघड. गावकरांच्या पुस्तकातल्या तक्त्याशी बाईट ताडून पाहा. मात्र ०एफएफएच मधलं पुढचं शून्य खाऊन असेंबलरला दोष देऊ नकोस हं, अक्षराने सुरू होणारा आकडा तो लेबलच समजणार. ती चूक त्याची नाही, तुझी. नक्की त्याचीच वाटली, तर पाच ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहून तीच चूक पुन्हा घडवून दाखव, मग सरांकडे जा.

आणि असेंबलरला एखादी आज्ञाच येत नसेल, तर डीबी लिहून बाईट सरळ ठेवून द्यायचा. १९७६ च्या या चिपमध्ये इंटेलने दहा आज्ञा ठेवल्या, पण पुस्तिकेत छापल्याच नाहीत. त्यातली एक एचएलमधून बीसी वजा करते, तिचा कोड ०८. बहुतेक असेंबलर तिचं नाव ओळखत नाहीत. डीबी ०८एच लिहिलं की काम होतं. सिम्युलेटरच्या भरवशावर मात्र राहू नकोस, खऱ्या किटवर चालवून बघ. आणि अशी पळवाट काढलीस की शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिही. मी लिहिलं नव्हतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री माझंच मला कळेना.

रविवारी येशील तेव्हा लिस्टिंग छापून आण. मोबाईलवरचा फोटो नको, कागदच. पेन्सिल माझ्याकडे आहे.