खिळा आत वळतो

ब्रॅड नेलरमधून, म्हणजे बारीक खिळे मारणाऱ्या यंत्रातून, सुटलेला खिळा लाकडात सरळच जाईल असं धरून चालू नका. बाहेरून नेम अगदी बरोबर असला तरी आत गेल्यावर तो वळू शकतो आणि फळीच्या अंगातून बाहेर येऊ शकतो. माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात तो असाच शिरला. घरी पुस्तकांचं कपाट करत होतो. 18 मिमी प्लायची उभी बाजू मी वरच्या काठाशी धरली होती आणि त्यावर 12 मिमीची आडवी फळी ठेवून दादा खिळे मारत होता. नेलरचं तोंड फळीवर नीट टेकलेलं होतं. खिळा 40 मिमीचा. आवाज नेहमीसारखाच आला आणि बोटात काहीतरी टोचलं. पाहिलं तर प्लायमधून बाहेर आलेलं खिळ्याचं टोक माझ्या बोटात होतं. हाड वाचलं, हे एक्स-रेत दिसलं. त्या बोटाच्या शेंड्याला मात्र अजून नीट स्पर्श कळत नाही.

दादाचा हात हलला नव्हता, मग खिळा वळला कसा? ब्रॅड हा 18 गेजचा खिळा, म्हणजे जाडीला जेमतेम सव्वा मिलिमीटर. इतकी बारीक तार जोरात आत जाते तेव्हा वाटेत काही कठीण लागलं की ती सरळ घुसत नाही, सोपी वाट धरते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, मधल्या थरात कुठे गाठ असते, कुठे पोकळी, कुठे वाळून दगड झालेला गोंद. वरून यातलं काहीच दिसत नाही. सागवानात गाठीजवळ असंच होतं. बाभळीत तर खिळा वळण्याऐवजी कधी कधी अर्ध्यावर दुमडून वरच उभा राहतो.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे आणि ते आम्हाला नेलर विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. खिळ्यांची पट्टी हातात घेऊन टोकं निरखून पाहा. टोक सुईसारखं गोल नसतं, पटाशीसारखं उतरतं कापलेलं असतं, आणि तो उतार पट्टीच्या सपाट अंगांकडे असतो. त्यामुळे खिळा वळलाच तर बहुधा नेलरच्या डावीकडे किंवा उजवीकडे वळतो, पुढे-मागे क्वचित. म्हणून प्लायच्या किंवा फळीच्या काठात खिळा मारताना नेलर त्या काठाच्या लांबीला काटकोनात धरायचा. मग खिळा वळला तरी फळीच्या लांबीच्या दिशेने वळतो, आतल्या आत राहतो. आमच्याकडे त्या दिवशी भिंत आड येत होती, म्हणून नेलर काठाच्या लांबीतच धरावा लागला होता. म्हणजे खिळ्याला वळायला उरली ती प्लायची 18 मिमीची जाडी, आणि त्या बाजूला माझं बोट. अशा वेळी कपाट भिंतीपासून ओढून घ्यावं. तेवढा वेळ नेहमी असतो.

नेलर असा काटकोनात धरण्याचा आणखी एक फायदा आहे. लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीत जात असतील तर टोकाची धार त्या रेषांना आडवी पडते. धार रेषांना आडवी गेली की तंतू कापले जातात; रेषांच्या दिशेने गेली की फळी चिरते. बारीक पट्टीच्या टोकाशी हा फरक लगेच दिसतो.

हाताचं अंतर हा मी सगळ्यात कडक पाळते तो नियम. खिळ्याच्या लांबीपेक्षा हात लांब असलाच पाहिजे, ही अगदी किमान मर्यादा झाली. अमेरिकेत ओशा आणि नायोश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थांनी 2011 मध्ये नेलगनबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तीत खिळ्याच्या जागेपासून हात 12 इंच दूर ठेवायला सांगितलं आहे. ती मोठ्या बांधकामातल्या नेलगनसाठी लिहिलेली आहे, पण घरातलं बोट काही वेगळं नसतं. एक फूट दूर राहून फळी धरता येत नसेल तर ती धरायचीच नाही, क्लॅम्प लावायचा. चार चांगले क्लॅम्प आधी घ्या, नेलर नंतर. त्याच मार्गदर्शिकेत असंही म्हटलं आहे की नोंदवलेल्या इजांपैकी निम्म्याहून अधिक हाताला आणि बोटांना होतात.

खिळा लागलाच तर घरी ओढून काढू नका. पट्टीत खिळे एकमेकांना गोंदाने चिकटवलेले असतात. तो गोंद, लाकडाचा भुसा, हातमोज्याचा धागा असं काहीही जखमेत राहू शकतं आणि नंतर पू होतो. सांध्याजवळ किंवा हाडात खिळा असेल तर तो काढणं डॉक्टरांचंच काम. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, त्यामुळे दवाखान्यात जायचा कंटाळा केला जातो. जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

आता खिळ्याची लांबी. वरच्या फळीच्या जाडीच्या साधारण अडीच पट लांबी पुरते. 12 मिमीच्या फळीला 30 मिमीचा खिळा भरपूर झाला. कपाटाला आम्ही 40 मिमीचे वापरले कारण लांब खिळा म्हणजे मजबूत सांधा असा सर्वसाधारण समज आहे. इथे तो लागू पडत नाही. लांबी वाढली की वळायला वाव वाढतो, आणि पकड मात्र त्या मानाने वाढत नाही, कारण ब्रॅडला डोकं जवळपास नसतंच. सांध्याची ताकद फेव्हिकॉलसारख्या गोंदातून येते. तो वाळेपर्यंत दोन फळ्या हलू न देणं एवढंच ब्रॅडचं काम आहे. ते काम आखूड खिळा तितक्याच चोखपणे करतो.

हे एकदा पटलं की कोणता नेलर घ्यायचा हा प्रश्नही सोपा होतो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात एफ-30 आणि एफ-50 अशा नावांनी हवेवर चालणारे नेलर मिळतात. पहिल्यात 30 मिमीपर्यंतचे खिळे बसतात, दुसऱ्यात 50 पर्यंतचे. घरच्या कामाला, म्हणजे बीडिंग पट्ट्या, ड्रॉवरचे तळ, कपाटाच्या पाठी, फोटोफ्रेम याला एफ-30 पुरतो, असं माझं ठाम मत आहे. तो हलका असतो, अरुंद जागेत शिरतो आणि गरजेपेक्षा लांब खिळा त्यात बसतच नाही. एकाच यंत्रातून खिळे आणि स्टेपल दोन्ही मारणारे नेलर शक्यतो टाळावेत. त्यांचा दट्ट्या स्टेपलच्या रुंदीचा असल्याने खिळ्यापाशी रुंद खाच उमटते आणि ती पुट्टीने भरत बसावं लागतं. विजेच्या वायरवर चालणारे स्वस्त नेलर मऊ पाइनपुरते ठीक, सागवानात खिळा वरच राहतो. बॅटरीवरचे उत्तम असतात, नळीचा पसारा नसतो, पण ते महाग असतात आणि हाताला जड लागतात.

दुकानात घोडा जरूर तपासा. काही नेलरमध्ये आधी तोंड लाकडावर दाबायचं, मग घोडा ओढायचा, आणि प्रत्येक खिळ्याला हे पुन्हा करायचं असा क्रम असतो. काहींत घोडा दाबून धरला की तोंड टेकेल तिथे खिळा सुटतो. धक्क्याने नेलर उसळला आणि पुन्हा टेकला तर दुसरा खिळा आपोआप जातो. पहिल्या प्रकारचाच घ्या. तोंडाची सेफ्टी तारेने बांधून काम भराभर उरकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी उभंही राहू नये. पट्टी संपत आली की थांबणारा, किंवा निदान किती खिळे उरले ते दाखवणारी खिडकी असलेला नेलर मिळाला तर बरं. नाहीतर तो रिकामा ठोके मारतो आणि खिळा गेला असं वाटत राहतं.

हवेचा दाब 60 पीएसआयपासून सुरू करून त्याच लाकडाच्या तुकड्यावर आजमावत वाढवावा. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाखाली एखादा मिलिमीटर गेलं की पुरे. यंत्रावर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे कधीही जाऊ नये, आणि कॉम्प्रेसरऐवजी ऑक्सिजनचा किंवा दुसऱ्या कोणत्याही वायूचा सिलिंडर तर मुळीच जोडू नये, स्फोट होऊ शकतो. अडकलेला खिळा काढण्याआधी हवेची नळी नेलरपासून सोडवायची, नुसता कॉम्प्रेसर बंद करून भागत नाही, कारण नळीत आणि टाकीत हवा उरलेली असते. नेलरच्या बाजूला जोडणी अशी हवी की नळी सुटताच आतली हवा निघून जाईल. गॉगल आणि कानाला संरक्षण, हे दोन्ही नेलर चालवणाऱ्याइतकंच फळी धरणाऱ्यालाही हवं.

पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. ते तसंच राहिलं तर नळीतून नेलरमध्ये जातं आणि आतले भाग गंजतात. काम संपलं की टाकीखालची तोटी उघडून पाणी काढावं. तेल लागणारा नेलर असेल तर सुरुवातीला हवेच्या तोंडात न्यूमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत. खिळ्यांच्या पट्ट्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात. गंजलेल्या पट्टीचे खिळे तोंडात अडकतात, आणि अडकलेला खिळा काढायच्या घाईतच नळी सोडवायची राहून जाते.